आजी नावाची एज केस

मागच्या शनिवारी लिहायचं राहून गेलं, कारण गावी गेलो होतो. गाव म्हणजे म्हसावद, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार. पुण्यात हे नाव सांगितलं की निम्म्या लोकांना जळगावकडचं म्हसावद वाटतं. ते वेगळं. आमचं सातपुड्याच्या पायथ्याचं, शहाद्याहून धडगावला जाताना लागणारं.

जाताना आजीसाठी नवा फोन नेला होता. बोट टेकवलं की उघडणारा. म्हटलं, पासवर्ड लक्षात ठेवायची भानगडच नको. ओसरीवर बसून मोठ्या ऐटीत सेटअप सुरू केला. बोट ठेव, उचल, परत ठेव. स्क्रीनवरचं वर्तुळ अर्ध्यापर्यंत भरायचं आणि अडायचं. मी काच पुसली, आजीने पदराला बोट पुसलं, मग थोडं खोबरेल लावलं. शेवटी कसंबसं जमलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासून झाल्यावर तिने बोट टेकवलं, तर फोन ढिम्म. तीनदा, चारदा, पाचदा.

"बोट ते मन्हंच शे," आजी म्हणाली. म्हणजे, बोट तर माझंच आहे. तिची तक्रार नव्हती. फोनला माहीत नसेल तर सांगून ठेवावं, एवढंच.

थोडं तांत्रिक सांगतो. फोनमधला नेहमीचा सेन्सर बोटावरच्या रेषांचे उंचवटे आणि त्यामधल्या खाचा यांच्यातला विद्युत फरक मोजतो. उंचवटा काचेला टेकतो, खाच टेकत नाही, त्यातून नकाशा तयार होतो. आजीने आयुष्यभर कापूस वेचला, मिरच्या तोडल्या, राखेने भांडी घासली. उंचवटे झिजलेत, कातडी कोरडी पडलीय. नकाशा काढायचा कशाचा?

आणि मॅचिंग कधीच 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर देत नाही. ते गुण देतं. किती गुणांना पास करायचं, ही रेघ आपल्यासारखा कुणीतरी इंजिनिअर मारतो. रेघ वर नेली तर खरा माणूस बाहेर राहतो, खाली आणली तर खोटा आत येतो. दोन्ही एकदम शून्य करता येत नाही.

हे सगळं आमच्याच तालुक्यात आठवावं, यात एक गंमत आहे. देशातलं पहिलं आधार कार्ड शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. तारीख २९ सप्टेंबर २०१०. पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते, सोनिया गांधी होत्या, प्राधिकरणाचे अध्यक्ष तेव्हा नंदन निलेकणी होते. पहिला क्रमांक टेंभलीच्या रंजना सोनवणे यांना मिळाला. मी तेव्हा शाळेत होतो. इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं की आपल्या शेजारच्या गावात जगातल्या सगळ्यात मोठ्या बायोमेट्रिक प्रणालीचा पहिला रेकॉर्ड तयार झाला होता.

डिझाइन म्हणून मला आधार आवडतं, हे आधीच कबूल करतो. त्या १२ आकड्यांतला शेवटचा आकडा तपासणीचा असतो, व्हरहॉफ नावाच्या डच गणितज्ञाच्या पद्धतीने काढलेला. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरी ते लगेच पकडलं जातं. टाइप करणारा माणूस चुकणारच, हे धरून चालणारं डिझाइन. नोंदणीला दहा बोटं, दोन्ही डोळ्यांची बुबुळं आणि फोटो घेतात, तेही एकाच खुणेवर विसंबायला नको म्हणून. २०१७ साली प्राधिकरणाने लेखी कळवलंय की बोट जुळलं नाही किंवा नेटवर्क नसलं म्हणून कुणाचं रेशन अडवू नये, इतर मार्गाने खात्री करून द्यावं. म्हणजे बोट चुकू शकतं, हेही कागदावर मान्य आहे.

मग आपण काय करतो? मी काय केलं, ते सांगतो. आमच्या अ‍ॅपमध्ये बोटाने लॉगिन मी लिहिलंय. तीनदा फसलं की खातं बंद, उघडायचं तर ईमेल. टेस्टिंगवाल्या मुलीने विचारलं होतं, ज्यांचं बोट लागतच नाही त्यांचं काय? मी लिहिलं 'एज केस' आणि तिकीट बंद केलं. दोन मिनिटांचं काम. आजीकडे ईमेल नाही, हे वेगळं सांगायला नको.

ओसरीवर बसून माझी खरी चूक लक्षात आली. समजा १०० पैकी २ प्रयत्न फसतात. आपण मनात धरतो, प्रत्येकाचं शंभरात दोनदा फसत असेल. चिडचिड होते, पण चालतं. तसं नसतं. तुमचं-माझं बोट जवळपास प्रत्येक वेळी लागतं आणि काहींचं जवळपास प्रत्येक वेळी फसतं. चूक सगळ्यांत वाटली जात नाही, काही माणसांवर साचते. आणि ती माणसं बहुतेक हाताने काम करणारी, म्हातारी. सरासरीत ती दिसत नाहीत. शिवाय आपला लॉग फसलेले प्रयत्न मोजतो, कंटाळून परत न आलेला माणूस मोजत नाही. ज्याला सगळ्यात जास्त त्रास झाला, तोच आकड्यातून गळतो. आकडा सुधारतो!

आता बोटाऐवजी चेहरा आलाय, आवाज आलाय, एआय आलंय. मी या सगळ्याचा पंखा आहे. पण आवाजावर चालणारं काही दाखवलं की मी आता पहिल्यांदा अहिराणीत बोलून बघणार. नवीन तंत्रज्ञान चाललं तर काय होतं, हे डेमोत दिसतं. नाही चाललं तर माणूस कुठे जातो, हे विचारावं लागतं. तो दुसरा रस्ता आधी बांधा, मग पहिला चकचकीत करा.

सोमवारी ते तिकीट पुन्हा उघडलं. लीडने विचारलं, "असे युजर किती असतील?" आकडा नव्हता. म्हटलं, मोजतच नाही आपण, तेच तर करायचंय. या स्प्रिंटमध्ये पिनचा पर्याय आणि माणसागणिक मोजणी, दोन्ही घेतलंय. टेस्टिंगवालीला सॉरी म्हणून झालं.

आजीचा फोन आता चार आकड्यांवर उघडतो. कापसाची वजनं करून आकडे तिला पक्के येतात. फक्त ते चार आकडे तिने अख्ख्या गल्लीला सांगून टाकलेत. सुरक्षेवर पुढच्या शनिवारी :)