दहा रुपयांची दहा उत्तरे

व्यापारी घरातील मुलांना हिशेबाचे बाळकडू लवकरच मिळते. दुकानात आल्यागेल्याने मुलांना पाढे विचारावेत आणि झटकन उत्तर देणाऱ्याला शाबासकी द्यावी, ही आमच्याकडील जुनी रीत. तिने अनेक पिढ्या तयार केल्या, हे खरे. परंतु माझी सात वर्षांची नात या प्रश्नांना भिऊ लागली होती. उत्तर चुकले तर मंडळी हसतील, या धास्तीने ती गल्ल्याजवळ फिरकेनाशी झाली. हिशेबाची गोडी लागण्यापूर्वीच त्याचे भय मनात बसावे, याने मी अस्वस्थ झालो.

एका दुपारी एक, दोन आणि पाच रुपयांची बरीच नाणी तिच्यापुढे ठेवून मी विचारले, “यांतून दहा रुपये किती तऱ्हांनी देता येतील?” घाई करण्याचे कारणच नव्हते. ती नाणी मांडून एकेक तऱ्हा वहीत लिहू लागली. सात झाल्यावर म्हणाली, “संपल्या, आजोबा!” चूक की बरोबर हे न सांगता मी म्हटले, “संपल्या कशावरून?”

ती विचारात पडली. मग तिने क्रम लावला. पाचची दोन नाणी घेतली तर तऱ्हा एकच. एक घेतले तर तीन. एकही न घेतले तर सहा. एकूण दहा. “अकरावी निघणारच नाही. दोनची नाणी पाचांहून जास्त बसतच नाहीत,” असे तिने मलाच समजावले. हे कारण तिला कोणी शिकवले नव्हते.

एका प्रश्नाची अनेक उत्तरे शोधणे आपल्या परंपरेला नवे नाही. इ. स. ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, जैन गणिती महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. अंशस्थानी एक असलेल्या अपूर्णांकांची बेरीज एक कशी करावी, याची रीत त्यात आहे. तीन भाग हवे असल्यास १/२, १/३, १/६. चार हवे असल्यास १/२, १/३, १/९, १/१८. पूर्ण तेच, वाटण्या निराळ्या.

पाढे पाठ असावेतच. त्यांच्या जोडीला आठवड्यातून एकदा तरी असा प्रश्न मुलांपुढे ठेवावा, उत्तराची घाई करू नये आणि उत्तर बरोबर आले तरी “कशावरून?” असे अवश्य विचारावे. बेरीज आता यंत्रही करते. ती पटते की नाही, हे पाहण्याची सवय मात्र लहानपणी घरातच लागते.