खुडणी

पिरियापट्टण तालुक्यात पावसाळा मध्यावर आला की तंबाखूच्या शेतांतून खुडणी सुरू होते. व्हर्जिनिया तंबाखूचे झाड कमरेच्या वर वाढलेले असते आणि शेंड्यावर फिक्या गुलाबी फुलांचा तुरा डोकावू लागलेला असतो. तो फुलू द्यायचा नसतो. फुलाकडे आणि बीजाकडे जाणारे बळ पानांत उतरावे, मुळांत तयार होणारे निकोटीन पानांत साठावे, पान रुंद आणि जाड व्हावे, यासाठी शेंडा चिमटीत धरून मोडतात. झाड हट्टी असते. ते पानांच्या बगलांतून नवे फुटवे काढते. तेही मोडावे लागतात. हे काम बहुतांशी बायकांचे. संध्याकाळी घरी परततात तेव्हा त्यांच्या बोटांवर पानांचा चीक बसून काळा झालेला असतो आणि तो एका धुण्यात जात नाही. ओल्या पानांतून दिवसभर वावरले तर डोके गरगरते, मळमळते. पण याला आजार म्हणण्याची रीत तिथे नाही.

या तालुक्यातल्या एका मराठी घरातील बाईने ही खुडणी तीस वर्षांहून अधिक काळ केली. ती निपाणीची लेक. व्यापाराच्या निमित्ताने दक्षिणेत उतरलेल्या आणि पुढे जमीन घेऊन तिथेच रुजलेल्या कुटुंबात तिला दिले, तेव्हा तंबाखूच्या गावातून तंबाखूच्याच गावात चाललो आहोत एवढाच तिचा दिलासा होता. तो फारसा खरा ठरला नाही. निपाणीचा तंबाखू विडीचा, उन्हात वाळणारा. इथला सिगारेटचा, बॅरन नावाच्या बंदिस्त खोलीत धगीवर भाजून पिवळा करायचा. एक किलो पान वाळवायला चार-पाच किलो लाकूड लागते. त्यामुळे इथल्या घरांचे आवार म्हणजे मुख्यतः लाकडांची रास. निपाणीची मात्र एक आठवण तिने जपली होती. 1981 साली रास्त भावासाठी शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, तेव्हा ती लहान होती. वडिलांची भाकरी घेऊन ती रस्त्यावर गेली होती. पुढे एप्रिलमध्ये तिथे गोळीबार झाला, माणसे पडली. तंबाखू हे नुसते पीक नव्हे, हे तिला तेव्हापासून ठाऊक होते.

लाकडांच्या राशीच्या कडेला, चार हात रुंदीच्या पट्टीत तिने साल्व्हिया लावला तो अगदी सहज. बैलकुप्प्याची तिबेटी वसाहत याच तालुक्यात आहे. 1960 च्या सुमारास निर्वासितांना तिथे जमीन मिळाली आणि आता मठांच्या प्रांगणांतून फुलांचे वाफे दिसतात. त्या रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत लालभडक कणसे पाहून तिने बी मागून आणले. नाव तिच्या जिभेवर बसेना. चौकोनी दांडा, समोरासमोर पाने, वर मंजिरी. तिने नाव ठेवले ‘तांबडी तुळस’. शास्त्राच्या दृष्टीनेही ती फारशी चुकली नव्हती, कारण साल्व्हिया तुळशीच्याच कुळातला. केवळ हा लाल प्रकार मूळचा ब्राझीलचा आणि वास नसलेला.

तंबाखूचे बी एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून अधिक भरते. ते हाताळलेल्या बाईला साल्व्हियाचे बी म्हणजे ज्वारीच वाटावी. तिने ते नीट मातीत पुरले आणि उगवले जेमतेम चार. या बियांना प्रकाश लागतो. ओल्या मातीवर नुसते पसरून हलकेच दाबायचे असते, हे तिला पुढच्या खेपेस कळले. पण पहिल्या वर्षाची खरी अडचण निराळीच होती. रोपांना तीन-चार जोड्या पाने आली की शेंडा खुडावा, म्हणजे रोप पसरते, असे रोपवाटिकेतल्या माणसाने बजावले होते. तिने खुडला नाही. सबंध हंगाम शेतात तेच केल्यावर घरातल्या फुलझाडाला तरी तो हात लागू नये, असे तिच्या मनाने घेतले. परिणामी चारही रोपे काठीसारखी सरळ वाढली, प्रत्येकावर एकेक कणीस आले आणि नोव्हेंबरच्या वाऱ्यात ती कलंडली.

दुसऱ्या वर्षी ऑगस्टअखेर तिने तंबाखूच्याच जुन्या प्लास्टिक ट्रेमध्ये शेणखत आणि कोकोपीट भरून बी टाकले आणि वेळ येताच शेंडे खुडले. चिमट तीच होती, नख तेच. फरक एवढाच की आठवड्याने बगलांतून फुटवे आले, तेव्हा तिचा हात सवयीने पुढे झाला आणि थांबला. हे फुटवे ठेवायचे होते. सून जवळच उभी होती. ती कन्नड घरची; तिने विचारले, “अत्ते, काय झालं?” सांगण्यासारखे काही नव्हते.

डिसेंबरात पट्टी पेटल्यासारखी दिसू लागली. साल्व्हियाचे वैशिष्ट्य असे, की फुलाची नळी गळून गेली तरी तिच्याभोवतीचा लाल पेला दांड्यावर तसाच राहतो, म्हणून बहर असतो त्याहून लांबलेला वाटतो. त्याच्या मूळ देशी या फुलांवर गुंजनपक्षी येतात आणि पंख फडफडवत हवेत स्थिर राहून मध पितात. इथे आले शिंजीर. त्यांना बसायला आधार हवा. ते दांड्याला लोंबकळत आणि कधीकधी नळीच्या बुडाला भोक पाडून परागांचा हिशेब चुकवत मध घेत. बाईला ही चोरी फार आवडे.

मुलाला या पट्टीचे कौतुक नव्हते. त्याला लाकडे रचायला जागा हवी होती. गंमत अशी, की पुढे त्यानेच एका एकरात साल्व्हिया लावला. तंबाखूवर निर्बंध वाढणार ही चर्चा भारताने 2004 मध्ये जागतिक तंबाखू नियंत्रण कराराला मान्यता दिल्यापासून चालूच आहे आणि म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने या भागात चिया या पिकाला चालना दिली. चिया म्हणजे सब्जासारखे पाण्यात फुगणारे बी. वनस्पतीच्या हिशेबाने तोही साल्व्हियाच. निळसर मंजिऱ्या आल्या तेव्हा बाईने दांडा बोटांत फिरवून पाहिला आणि म्हणाली, “आपलीच आहे ही.” खुडणी नाही, धग नाही, चीक नाही, फुलू द्यायचे आणि बी झोडायचे. दुसऱ्या वर्षी भाव उतरला. मुलाने तो एकर पुन्हा तंबाखूखाली आणला. लिलाव केंद्रावर माल विकला जातो एवढी तरी त्यात निश्चिंती आहे, हे त्याचे म्हणणे निपाणीच्या लेकीला खोडून काढता आले नाही. लाकडांची रास मात्र तिने पट्टीपर्यंत येऊ दिली नाही. त्यावरून दोघांत दोन दिवस अबोला झाला.

गेल्या खेपेस पट्टीत, बहुधा ट्रेमधल्या जुन्या मातीतून, तंबाखूचे एक रोप उगवले. साल्व्हियाच्या मधोमध ते बेढब वाढत गेले. शेंड्यावर तुरा आला तेव्हा मुलाने जाता जाता विचारले, “आई, हे मोडू का?”

“राहू दे,” ती म्हणाली.

एवढी वर्षे मुठीमुठीने मोडलेले ते फूल तिने जवळून न्याहाळले: लांब नळी, टोकाला पाच गुलाबी कोपरे. सकाळी एक शिंजीर लाल मंजिऱ्या सोडून त्याच्यावर येऊन बसला, नळीत चोच घातली आणि बराच वेळ तिथेच राहिला.