उरुळीचे दहा दिवस

पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी हडपसर, मांजरी, लोणी ही स्थानके मागे टाकीत उरुळीला थांबते. अंतर जेमतेम तीस किलोमीटरचे. परंतु उसाचे फड दिसू लागले की शहर सुटल्याचे जाणवते. गेल्या माघात मी या स्थानकावर उतरलो, तेव्हा हातात एक पिशवी, खिशात डॉक्टरांची चिठ्ठी आणि मनात थोडी लाज होती. लाजेचे कारण आधी सांगितले पाहिजे.

बँकेतील सदतीस वर्षांच्या बैठ्या नोकरीने मला निवृत्तिवेतनासोबत 84 किलो वजन आणि मधुमेहाची रोजची गोळी दिली. घरात पुतणीचे लग्न ठरले होते. तेवढ्यात कोणीतरी ‘डिटॉक्स’चा खोका आणून दिला. सात दिवस केवळ चूर्ण आणि फळांचे रस. शरीरातील विषारी द्रव्ये निघून जातील, असे त्यावर छापलेले होते. कोणती द्रव्ये, कोणत्या वाटेने जातील, हा साधा प्रश्न, जन्मभर कर्जाचे अर्ज तपासलेल्या माणसाला सुचला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मुलाच्या दुकानात बसलो असता दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले आणि समोरचे गिऱ्हाईक धूसर झाले. मुलाने साखरेचे पाणी पाजले म्हणून निभावले. गोळी नेहमीची, पोटात मात्र अन्न नाही; रक्तातील साखर एकदम खाली गेली होती.

डॉक्टर रागावले. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन यांचे प्रमाण अन्नाच्या हिशेबाने ठरवलेले असते. अन्न परस्पर थांबवणे धोक्याचे, असे त्यांनी बजावले. “करायचेच असेल, तर लक्ष ठेवणारे कोणी असेल अशा ठिकाणी जा,” असे म्हणून त्यांनी गोळी किती कमी करायची, हे चिठ्ठीवर लिहून दिले. ती चिठ्ठी घेऊन मी उरुळी कांचनच्या निसर्गोपचार आश्रमात आलो.

या आश्रमाचा जन्म वजन उतरवण्यासाठी झालेला नाही. 1946 च्या मार्चमध्ये गांधीजी येथे आठवडाभर राहिले. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते आणि ते गरिबांसाठी चालवावे, असा गांधीजींचा आधी विचार होता. परंतु गरिबांसाठी उपचार करायचे, तर खेड्यात गेले पाहिजे, हे त्यांना पटले आणि उरुळीची निवड झाली. ते परतले, मागे राहिले गुजरातमधून आलेले पंचविशीतील मणिभाई देसाई. त्यांनी सारे आयुष्य येथेच वेचले. गाईंच्या पैदाशीसाठी 1967 मध्ये ‘बायफ’ ही संस्था उभी केली. 1982 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. विनोबांचे धाकटे बंधू बाळकोबा भावे यांचेही वास्तव्य येथे होते. गांधीजींकडे त्या दिवसांत जे खेडूत आले, त्यांच्यापैकी कोणाला वजन उतरवायचे असेल, असे वाटत नाही.

आज मात्र येणाऱ्यांत आमच्यासारखेच अधिक. पहाटे उठणे, पोटावर ओल्या मातीची पट्टी, एनिमा, मालीश, वाफेचे स्नान, आणि मधल्या वेळात झाडांखालून फेऱ्या. निवृत्त न्यायाधीश असो की आडत्या, पोटावर माती लिंपून पडला की सारे सारखेच दिसतात.

पहिल्या सकाळी लिंबू-मधाचे पाणी पुढे आले. मध आपल्याला वर्ज्य, हे सांगताना मी जरा संकोचलो; वाढणाऱ्या बाईंनी काही न विचारता नुसते लिंबूपाणी दिले. गाजर-बीटाच्या रसाऐवजी मला कोहळ्याचा व दुधीचा रस मिळाला. आपल्या घरांत कंदमुळे नकोत म्हणून दुधीचा रस आवडीने घेतला जातो, म्हणून येथेच सांगून ठेवतो: दुधीची एक चकती आधी चाखून पाहावी. कडू लागली तर तो दुधी फेकून द्यावा. रसात लिंबू पिळून कडवटपणा झाकू नये. कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात माणसे दगावलेली आहेत.

खोलीत सोबतीला भुसार मालाचे एक व्यापारी होते. दरवर्षी दिवाळीचा हंगाम उरकला की येतात. ही नववी खेप. एके रात्री म्हणाले, “साहेब, तुम्ही बँकेतले. इथं दरवर्षी पाच किलो उतरतं आणि आखातीजेपर्यंत सहा किलो चढतं. माझं खातं चुकतं कुठं?”

त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. दहा दिवसांत माझे वजन 3.8 किलोने उतरले आणि मीही हरखून गेलो. घरी आल्यावर तीन आठवड्यांत 2.2 किलो परत आले, तेव्हा डॉक्टरांनी कागदावर हिशेब मांडून दाखवला. यकृतात व स्नायूंत साखरेचा साठा साधारण अर्धा किलो असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. उपासाच्या आरंभी हेच आधी खर्ची पडते. म्हणजे चालू खात्यातील रक्कम. नेहमीचे जेवण सुरू होताच ती पुन्हा जमा होते. चरबी ही मुदत ठेव. एक किलो चरबीमागे सुमारे 7,700 कॅलरी. रोज हजार कॅलरींची तूट काढली, तरी एक किलो मोडायला आठवडा लागतो. माझे टिकलेले 1.6 किलो एवढाच खरा व्यवहार होता.

विषारी द्रव्यांचे काय, असे मी विचारले. मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर तेवढा बाहेर टाकतात. यकृत अमोनियासारखे घातक द्रव्य युरियात बदलून त्यांच्याकडे पाठवते. हे काम बाराही महिने, विना सुट्टी चालते. ते बिघडले, तर कोणत्याही रसाने दुरुस्त होत नाही.

मग आश्रमाने मला काय दिले? संध्याकाळचे सहा. दिवेलागणीपूर्वी जेवण आटोपायचे आणि ताट सारून उठताना पोटात थोडी जागा राहायची. दौंडची गाडी शिटी देऊन गेली की अंगणात शांतता पसरे; त्या शांततेत मला आईचे स्वयंपाकघर आठवे. तिने चौविहार कधी चुकवला नाही. उणोदरी हा शब्द आम्ही मुलांनी प्रवचनात ऐकण्याआधी तिच्या ताटात पाहिला. अठ्ठाईनंतरच्या पारण्याला ती मुगाचे पाणी घोटाघोटाने देई, मिठाईला हात लावू देत नसे. दीर्घ उपासानंतर एकदम भरपेट खाणे जीवावर बेतू शकते, हे आजचे वैद्यकही सांगते. अर्थात तिच्या तपाचा वजनकाट्याशी काही संबंध नव्हता. आयंबिलाची ओळी संपल्यावर आपण किती किलो उतरलो, हे तिने कधी पाहिले नाही. आपल्याकडे हल्ली ओळीच्या आधी व नंतर वजन करणारे भेटतात, ते मला रुचत नाही. कर्मनिर्जरेसाठी केलेल्या गोष्टीची पावती काट्यावर कशाला मागावी?

निवृत्त माणसाला सूर्यास्तापूर्वी जेवणे जमते. दुकान रात्री साडेआठला बंद करून नऊला ताटावर बसणाऱ्या मुलाने काय करावे, हा प्रश्न घरात आठवडाभर चर्चेला होता. “बाबा, सहाला तर गिऱ्हाइकांची खरी गर्दी असते,” हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. शेवटी सूनबाईंनी तोडगा काढला. साडेपाचला दोन भाकऱ्या, भाजी आणि मुगाची आमटी असा डबा दुकानात जातो; मी गल्ल्यावर बसतो आणि तो मागच्या गोदामात पोत्यावर बसून जेवून येतो. गर्दी असली की डबा तसाच परत येतो. आठवड्यातून दोनदा तरी येतोच.

भुसारवाल्या शेटजींना मी हिशेब पत्राने कळवला आहे. पुढच्या दिवाळीनंतर ते उरुळीला जाणारच आहेत, असे त्यांचे उत्तर आले. यंदा सोबत त्यांच्या सौभाग्यवतीही असतील.