अखेर शिल्लक

रात्रीची जेवणं उरकली की आमच्या घरी रोजकीर्द उघडली जायची. लाल कापडी बांधणीची उभट वही, प्रत्येक पानाच्या माथ्यावर ‘॥ श्री ॥’. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, सगळ्यांत खाली अखेर शिल्लक. अण्णा, माझे वडील, तो आकडा मोठ्यानं वाचत. “चारशे बारा.” आई म्हणे, “बरं.” मग अंथरुणं पडत.

इचलकरंजीत आमचे आठ माग होते. अण्णा खर्चीवाले. सूत व्यापाऱ्याचं, कापडही त्याचंच. आमची फक्त विणायची मजुरी, तीही पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांवर, पैशांत मोजलेली. व्यापाऱ्याकडून ती सुटायला महिना-दीड महिना लागे. कामगारांचा आणि सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांचा पगार मात्र दर आठवड्याला द्यावा लागे. मधले दिवस कसे काढायचे, याच विवंचनेत घर चाले. मला त्या वाचनाची लाज वाटायची. मित्रांच्या घरी पैशांचं असं उघड बोलत नसत.

पुढे इंजिनीअर झालो, पुण्यात नोकरी केली आणि २०१९ मध्ये स्वतःची कंपनी काढली. मागावर बसवायचं छोटं यंत्र आम्ही बनवत होतो. ते पिकं मोजी आणि माग कधी थांबला, किती वेळ थांबला, हे मालकाच्या मोबाइलवर दाखवी. आम्ही सात जण होतो. हिशेब लॅपटॉपवर होता आणि त्याचा पासवर्ड फक्त मला माहीत होता.

२०२३ च्या पावसाळ्यात दोन मोठ्या गिऱ्हाइकांची बिलं अडकली. लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असा २००६ चा कायदा आहे. पण तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाईल, म्हणून मी गप्प राहिलो. त्यातल्या एका सहा लाखांच्या बिलावरचा १८ टक्के जीएसटी, १,०८,००० रुपये, पुढच्या महिन्याच्या २० तारखेला आम्ही भरला. बिलाचे पैसे आलेलेच नव्हते. दिवाळीच्या तोंडावर बँकेत १४,२०,००० होते. महिन्याचा खर्च ५,६०,०००. म्हणजे अडीच महिने.

हा भागाकार मी कुणालाच सांगितला नाही. कंपनीतली पोरं विचारायची, “दादा, सर्किट बोर्डांची पुढची ऑर्डर कधी द्यायची?” मी म्हणायचो, “बघू, पुढच्या आठवड्यात.” पहाटे तीनला जाग यायची आणि अंधारात तोच भागाकार पुन्हा सुरू व्हायचा. झोपेत दात इतके आवळले जात, की एका दाढेचा तुकडा पडला. मुलगी शाळेतलं काही सांगत असायची. तिचे ओठ हलताना दिसायचे, शब्द पोचायचे नाहीत.

दिवाळीला गावी गेलो. माग कधीच भंगारात गेले होते, पण लक्ष्मीपूजनाला आई जुन्या वह्या अजून पाटावर मांडते. पूजा झाल्यावर एक वही सहज उघडली. नोव्हेंबर २०१६. आठ तारखेच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या होत्या आणि पगार तर रोखीतच द्यायचा. पानावर अण्णांचं बारीक अक्षर होतं: ‘पगार निम्मा दिला, निम्मा बाकी.’ खाली एकेका कामगाराचं नाव आणि त्याची बाकी. कडेला प्रत्येकाची सही, दोन ठिकाणी अंगठे. चार पानं पुढे गेलो, तर एकेक नाव खोडत गेलेलं.

“अण्णा, तेव्हा झोप लागायची?”

“लागायची की. लिहून, वाचून दाखवलं म्हटल्यावर. तुझ्या आईला ठाऊक असायचं, कामगारांनाही.”

पुण्याला परतल्यावर तशीच लाल वही आणली. पहिल्या रात्री बायकोला आकडा वाचून दाखवला. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “इतके दिवस एकटाच घेऊन बसला होतास?” दुसऱ्या दिवशी सहाही जणांना समोर बसवून वही उघडली. फेब्रुवारीपर्यंतचा पगार वेगळ्या खात्यात काढून ठेवला. मग सरकारी देणी, मग सुटे भाग देणारे, माझा पगार शेवटी. दोघांनी महिन्याभरात दुसरी नोकरी धरली. त्यांच्यासाठी मी स्वतः फोन केले. एकीनं थकलेल्या बिलांचा पाठपुरावा अंगावर घेतला. दर सोमवारी फोन करून तिनं त्यातलं एक बिल वसूल केलं.

दुसरं आलं नाही. पैसा वाढला नाही, काळजीही संपली नाही. तीनला जाग यायचीच. पण तो आकडा आता वहीत होता आणि आठ माणसांना माहीत होता. मी कूस बदलून झोपायचो.

मार्च २०२४ मध्ये कंपनी बंद केली. ज्यांचं देणं होतं, त्यांच्या यादीतली सगळी नावं तोवर खोडून झाली होती. अखेर शिल्लक ३१,६४०. जेवणानंतर वाचून दाखवली. बायको म्हणाली, “बरं.” त्या रात्री मी रडलो, आणि सकाळी सातपर्यंत झोपलो.

आता नोकरी आहे, तरी वही रोज उघडते. मुलगी शेजारी बसून बेरीज तपासते. परवा तिनं चाळीस रुपयांची चूक काढली.