चार आण्याची कोंबडी

अतिवाहक, म्हणजे कडक थंडीत वीज वाया न घालवता नेणाऱ्या, तारेच्या मोटारीवर विमान उडवायचं, हे मी बरीच वर्षं खुळाचं काम समजत आलो. वाळूज एमआयडीसीत मोटारींच्या डिझाइनमध्ये हयात गेलेल्या माणसाचा हिशेब सरळ असतो. चांगल्या मोटारीत वाया जाणारी वीज मुळातच थोडी. ती वाचवायला शीतयंत्र लावायचं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आपल्या शहरात अतिवाहक तार आहे ती दवाखान्यांतल्या एमआरआय यंत्रांत, द्रव हेलियमच्या उणे २६९ अंशांत. पण त्या यंत्रातलं चुंबक जागचं हलत नाही. इथे रोटर गरगरणार!

मत फिरलं ते वजनामुळे. कारखान्यातल्या मोटारीचे किलो कोणी विचारत नाही, विमानात आधी तेच विचारतात. साध्या मोटारीच्या तांब्यातून आम्ही चौरस मिलिमीटरला पाचेक अँपिअर नेतो. फार ताणलं की वॉर्निशचा वास सुटतो. ४ मिमी रुंद आणि ०.१ मिमी जाड अतिवाहक पट्टी उणे १९६ अंशांना शंभर अँपिअर सहज नेते, म्हणजे चौरस मिलिमीटरला अडीचशे. जोरदार चुंबकक्षेत्रात ही क्षमता घटते, म्हणून पट्टी आणखी थंड करतात. मग क्षेत्र एवढं मिळतं की बरंचसं लोखंड गाळता येतं. आणि मोटारीचं वजन म्हणजे मुख्यतः लोखंडच.

राहिला मसाला. इंधन द्रव हायड्रोजन असेल तर ते टाकीत उणे २५३ अंशांना असतंच, आणि वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलमध्ये सोडण्याआधी त्याला तापवावंच लागतं. ती उष्णता मोटारीकडून घ्यायची! हे कळल्यावर माझा विरोध निम्मा गळाला. एअरबसने २०२४ मध्ये तोशिबाबरोबर २ मेगावॅटच्या अतिवाहक मोटारीचं काम जाहीर केलं. एटीआर-७२ च्या एका इंजिनाची ताकद साधारण तेवढीच.

उरलेला विरोध अजून आहे. एसी प्रवाहात अतिवाहकही तापतो, म्हणून नासाच्या १.४ मेगावॅटच्या डिझाइनमध्ये फक्त रोटर अतिवाहक आहे; स्टेटर, म्हणजे एसी वाहणारा स्थिर भाग, तांब्याचाच. शिवाय ती पट्टी भारी नाजूक. आमचा वायंडर तांब्याची तार फायबरच्या पट्टीने दाबून-ठोकून स्लॉटमध्ये बसवतो. इथे अतिवाहक थर एक-दोन मायक्रॉनचा. पट्टी कडेवर वाकवली की कामातून गेली. विमानतळावर हायड्रोजन आणायचा तर वेगळाच डोंगर. एअरबसनेही आपलं हायड्रोजन विमान २०३५ च्या पुढे ढकललं आहे.

पण शिकायला हायड्रोजन लागत नाही. उणे १९६ अंशांचा द्रव नत्र मराठवाड्यातल्या जनावरांच्या दवाखान्यांत कृत्रिम रेतनाच्या कांड्या ठेवायला येतोच. इथल्या अभियांत्रिकीच्या मुलांनी शेवटच्या वर्षाला आणखी एक रोबो करण्यापेक्षा या पट्टीचं एक वेटोळं गुंडाळावं, नत्रात बुडवावं आणि सरांना शेजारी उभं करून अँपिअर हळूहळू वाढवत न्यावेत. फक्त खिडक्या सताड उघड्या ठेवा. नत्राची वाफ बंद खोलीतला प्राणवायू हटवते, आणि तिला वास नसतो.