उघडलेल्या कागदाची मागे राहिलेली प्रत

ई-मेलबरोबर आलेला कागद आपण उघडतो, वाचतो, बंद करतो आणि काम झालं म्हणून उठतो. पण तो कागद दाखवण्यासाठी कॉम्प्युटर बहुतेक वेळा त्याची एक प्रत आपल्या पोटात उतरवून घेतो. आपण उठलो तरी ती प्रत तिथंच असते.

घरच्या कॉम्प्युटरवर त्याचं फारसं बिघडत नाही. आउटलुक वापरत असाल तर तो अशा प्रती एका लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो. कागद उघडा असतानाच आउटलुक बंद केलं, की प्रत मागे राहून जाते. जागा भरत चालली तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग स्टोरेज, मग टेम्पररी फाइल्स असं जाऊन झाडलोट करता येते. मात्र त्या यादीत 'डाउनलोड्स' असंही एक नाव असतं. त्यावर खूण राहिली तर मुलांच्या मार्कलिस्टपासून विम्याच्या पावतीपर्यंत सगळं केरात जाईल! तेवढी खूण आधी काढा.

माझा खरा जीव अडकतो तो झेरॉक्सच्या दुकानात. गेल्या वर्षी भाचीच्या गृहकर्जाचे कागद छापायला आम्ही दोघी गेलो होतो. दुकानातल्या मुलानं डाउनलोड्सचं फोल्डर उघडलं, तर समोर अनोळखी माणसांचा संसारच मांडलेला! कुणाचं आधार, कुणाचा पगाराचा कागद, कुणाचा लग्नाचा दाखला. पुढच्या गिऱ्हाइकाला आमचेही कागद तसेच दिसले असते.

आधारच्या फाइलला पासवर्ड असतो, हे खरं. पण नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल एवढाच तो असतो, आणि आपण तो काउंटरवरून मोठ्यानं सांगतो! त्यापेक्षा छापायला 'मास्क्ड आधार' न्यावं. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. जिथं ते चालत असेल तिथं पूर्ण आकडा द्यायचाच कशाला?

काही जणी म्हणतात, आम्ही इन्कॉग्निटो खिडकी उघडतो. चांगलं आहे, त्यानं पाहिलेल्या पानांची नोंद जाते. पण उतरवलेली फाइल जिथल्या तिथं राहते. व्हॉट्सॲपचंही तेच. दुकानदाराला पाठवलेला कागद आपल्या फोनवरून 'सगळ्यांसाठी' पुसला, तरी त्यानं आधीच उतरवून घेतलेली प्रत काही जात नाही.

म्हणून छपाई झाली की पैसे देण्याआधी फाइल पुसायला सांगा. नुसतं डिलीट केलं तर ती रिसायकल बिनमध्ये जाऊन बसते. शिफ्ट दाबून धरून डिलीट केलं म्हणजे तिथंही उरत नाही. आपलं मेल उघडलं असेल तर लॉगआउट करायचं. व्हॉट्सॲप वेब जोडलं असेल तर आपल्या फोनमधल्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये जाऊन ते तोडायचं, आणि हे घरी आल्यावर आठवलं तरी करता येतं.

असं सांगायचा संकोच वाटतो, मलाही वाटायचा. मागे रांग असते, दुकानदार घाईत असतो. पण आमच्या कोपऱ्यावरचा मुलगा आता आपणहून विचारतो, "काकू, पुसू ना?" मी हो म्हणते, आणि रिसायकल बिनही उघडायला लावते.