चिंचपाड्याची लोंबी

नंदुरबारहून सुरतेकडे रेल्वेने निघालात, की खांडबारा मागे पडल्यावर चिंचपाडा स्टेशन येते. नवापूर तालुक्यातले हे गाव. पुढे लागणारे नवापूर स्टेशन थोडे महाराष्ट्रात, थोडे गुजरातेत. त्याचे सर्वांना नवल. तुम्ही मात्र चिंचपाड्याला उतरा, आणि तेही दसरा-दिवाळीच्या सुमारास. खाचरातला भात पिवळा झालेला असतो, बांधावर तूर फुलावर आलेली असते.

कृषी खात्याच्या कामासाठी मी या भागात पुष्कळ हिंडलो. एकदा येथल्या एका मावशींनी मला खाचरात नेऊन एक लोंबी दाखवली. साऱ्या शेतात तेवढीच वेगळी, दाणा बारीक. “साहेब, ही एकटीच अशी का?” त्यांनी विचारले. “भेसळ आहे, मावशी,” म्हणून मी ते रोप उपटून बांधावर टाकले. बियाण्याच्या प्लॉटात वेगळे झाड उपटावेच लागते, त्यात चूक नाही. पण ते खाचर घरी खायच्या भाताचे होते, आणि मावशींच्या प्रश्नाला मी उत्तर दिलेच नव्हते.

ही चूक मला कळली ती दादाजी रामाजी खोब्रागडे यांची हकिगत वाचून. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे हे शेतकरी. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. 1983 साली पटेल-3 जातीच्या भातात त्यांना तीन पिवळसर लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या जपून ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षे निवड केली. त्यातून जो बारीक, चवदार तांदूळ निघाला, त्याला त्या वेळच्या नावाजलेल्या घड्याळावरून ‘एचएमटी’ नाव पडले. 2018 साली दादाजी गेले. तांदूळ मात्र घरोघर शिजतो आहे. त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. “ही अशी का?” हा मावशींचाच प्रश्न होता, आणि तो झटकून टाकणारा कोणी साहेब शेजारी नव्हता.

तुम्हीही हे करून पाहा. वेगळी लोंबी दिसली तर तिला दोरा बांधा. पिकल्यावर दाणे वेगळ्या पुडीत ठेवा. पुढल्या साली नेहमीच्या भाताशेजारी दोन ओळी लावा. भाताचे परागीकरण बहुतेक आपल्याच फुलात होते, म्हणून गुण टिकण्याची आशा असते. तीन-चार हंगाम उंची, रोग, उतारा आणि चव ताडून पाहा. पुष्कळदा काहीच हाती लागणार नाही. म्हणून सारे शेत त्यावर लावू नका.

पुढच्या खेपेला मी मावशींकडे जाऊन चूक कबूल केली. त्या हसल्या. खाचरात लुगड्याच्या काठाच्या चिंध्या बांधलेली तीन रोपे दिसली.

“साहेब, औंदा यांना हात लावू नका,” त्या म्हणाल्या.